मृत्यू न कळणाऱ्या वयातील पुनरुत्थान

ख्रिस्ती वर्षातील दोन मोठ्या सणांपैकी नाताळ लहान मुलाच्या सहज अंगवळणी पडतो, कारण त्याच्या केंद्रस्थानी तान्हे बाळ, आई, गोठा आणि गुरेढोरे असतात, आणि ही सारी मंडळी दोन वर्षांच्या मुलाच्या ओळखीची असतात. ईस्टर, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण, हा मात्र एका मृत्युदंडानंतर आणि एका रिकाम्या थडग्यापाशी सुरू होतो. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौलाने ख्रिस्त उठला नसेल तर आपला सारा उपदेश व्यर्थ आहे असे बजावले आहे. म्हणजे श्रद्धेचा सारा भार ज्या सणावर आहे, तोच सण घरातील सर्वांत लहान माणसाला समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते. दीड ते तीन वर्षांच्या मुलांसह घरी ईस्टर साजरा करणाऱ्या आईवडिलांना ही अडचण रंगीत अंडी आणि गोडधोड यांच्या धांदलीत फारशी जाणवत नसेलही, परंतु तिच्या मुळाशी दोन जुने तात्त्विक प्रश्न आहेत: मृत्यू म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याला पुनरुत्थान म्हणजे काय हे कळू शकते का, आणि अर्थ कळण्यापूर्वी केलेल्या आचरणाला धार्मिक मोल असते का.

पहिला प्रश्न आधी घेणे इष्ट, कारण त्यात एक विलक्षण पेच आहे. मारिया नॉज या संशोधिकेने बुडापेस्टमधील मुलांच्या मृत्युविषयक कल्पनांचा अभ्यास 1948 मध्ये प्रसिद्ध केला, आणि तिला असे आढळले की तीन ते पाच वर्षांची मुले मृत्यूला अंतिम मानत नाहीत. मेलेले माणूस दूर गेले आहे, झोपले आहे किंवा वेगळ्या प्रकारे जगते आहे, असे ती समजतात. पुढील संशोधनातही मृत्यू परत फिरवता येत नाही ही जाण बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात येते, असेच साधारणपणे दिसून आले आहे. हे मान्य केले तर एक अनपेक्षित निष्कर्ष हाती येतो: येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला हे प्रौढाला अविश्वसनीय वाटते, पण दोन-अडीच वर्षांच्या मुलाला त्यात नवल वाटण्यासारखे काहीच नसते, कारण त्याच्या जगात जे जाते ते परत येतेच. सकाळी कामावर गेलेला बाप संध्याकाळी परततो, पडद्याआड लपलेला चेहरा पुन्हा दिसतो, आणि झोपलेले प्रत्येक माणूस जागे होते. ज्या घोषणेने थडग्यापाशी आलेल्या स्त्रिया थरथरत पळाल्या, ती घोषणा हे मूल मान डोलावून ऐकते आणि पुढचे अंडे मागते. त्याचा होकार ही श्रद्धा नव्हे. जो अडथळा ओलांडून श्रद्धेला उभे राहावे लागते, तो अडथळाच अजून त्याच्यापुढे आलेला नसतो.

या पेचातून सुटण्याचा एक मार्ग तत्त्वज्ञ रूसोने 1762 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एमिल’ या ग्रंथात दाखवला: बालकाला धर्म शिकवूच नये, कारण जे त्याला समजत नाही ते त्याच्याकडून वदवून घेणे म्हणजे त्याला शब्दांची पोपटपंची शिकवणे होय. वेगळ्या कारणांनी, पण काहीशा याच दिशेने, बॅप्टिस्ट पंथीय मंडळ्या स्वतःच्या तोंडाने श्रद्धा कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्तसभेत प्रवेश देणारा जलसंस्कार, देतात. उलट बाजूने होरेस बुशनेल या अमेरिकन धर्मपंडिताने ‘ख्रिश्चन नर्चर’ या 1847 च्या पुस्तकात असा आग्रह धरला की, मुलाने आपण कधीकाळी ख्रिस्ती नव्हतो असे आठवण्याची वेळच येऊ नये, इतक्या सहजपणे श्रद्धा त्याच्या घरच्या हवेत असावी. जुन्या ख्रिस्तसभांचे आचरणही या प्रश्नावर एकसारखे नाही. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा बाप्तिस्म्याबरोबरच तान्ह्या मुलाला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर व रक्त म्हणून दिली जाणारी भाकर व द्राक्षारस, देते. पश्चिमेत मात्र ही चाल बाराव्या शतकाच्या सुमारास मागे पडली, 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवेकाच्या वयाची भाषा वापरली, आणि पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये ते वय साधारण सात वर्षे ठरवले. एकाच श्रद्धेच्या दोन थोर शाखांपैकी एक सहा महिन्यांच्या बाळाच्या जिभेवर प्रसाद ठेवते आणि दुसरी सात वर्षे थांबते. आकलन ही सहभागाची पूर्वअट आहे की सहभागातूनच आकलन निपजते, या प्रश्नाचे उत्तर खुद्द परंपरेलाही एका स्वरात देता आलेले नाही, हे यावरून ध्यानात यावे.

येथे ईस्टरच्या पूर्वजाकडे पाहणे उपयोगी ठरते. हा सण ज्यातून उगवला तो ज्यूंचा वल्हांडण सण, म्हणजे मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण, मुळात घरचा सण आहे. कोकरू घरोघर मारायचे, रक्त दाराच्या चौकटीला लावायचे आणि जेवण कुटुंबाने एकत्र घ्यायचे, असा बायबलमधील निर्गमाच्या बाराव्या अध्यायातील विधी आहे. त्याच अध्यायात पुढील काळी मुले ‘या विधीचा अर्थ काय’ असे विचारतील हे गृहीत धरून उत्तरही सांगून ठेवले आहे. म्हणजे मुलाचा प्रश्न विधीचाच भाग मानला आहे, आणि तो आधी जेवण व मग अर्थ या क्रमाने येतो. वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हग्गादा या पोथीत पुढे चार प्रकारच्या मुलांचे वर्णन आले: शहाणे, दुष्ट, भोळे आणि ज्याला प्रश्न विचारताच येत नाही असे. या चौथ्या मुलाबाबत पोथीचा आदेश असा की, त्याच्यापुढे विषय तुम्हीच उघडा. दोन वर्षांचे मूल हे शब्दशः चौथे मूल होय, आणि त्याला प्रश्न विचारता येईपर्यंत जेवणाच्या पंक्तीतून उठवून ठेवावे, असे त्या परंपरेला कधी सुचले नाही. मराठी वाचकाला ही पोथी वाटते तितकी परकी नाही. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल समाजासाठी ती मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये चित्रांसह पुण्यात छापली गेली होती.

ईस्टरचा मुख्य विधी मात्र घरातून देवळात गेला. शनिवारच्या रात्री होणारी पास्काची, म्हणजे ईस्टरची, जागरण-उपासना, जिला धर्मपंडित ऑगस्टीनने सर्व जागरणांची आई म्हटले, ती अंधारात अग्नी पेटवून सुरू होते, त्यावरून मोठी पास्का मेणबत्ती उजळली जाते आणि तिची ज्योत हातोहात साऱ्या मंडळीत पसरते. ही उपासना कित्येक शतके घसरत घसरत शनिवारी सकाळीच उरकली जाऊ लागली होती, अंधाराविना उजेडाचा विधी असा विचित्र प्रकार त्यातून झाला होता, आणि पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये तिला पुन्हा रात्रीची वेळ दिली. धर्मविधीच्या दृष्टीने ही सुधारणा निःसंशय योग्य होती, पण तिचा एक परिणाम असा की, घरातील सर्वांत लहान मूल त्या वेळी झोपलेले असते. प्राचीन जेरुसलेममध्ये अशी अडचण मानली जात नसावी. चौथ्या शतकाच्या अखेरीस तेथे गेलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे की, ईस्टरच्या आदल्या रविवारी, ज्याला मराठी ख्रिस्ती झावळ्यांचा रविवार म्हणतात, जैतुनाच्या डोंगरावरून निघणाऱ्या मिरवणुकीत ज्यांना अजून चालताही येत नाही अशी मुले आईवडिलांच्या खांद्यावर असत आणि त्यांच्या हातीही खजुराच्या किंवा जैतुनाच्या डहाळ्या असत. डहाळी धरणारी ती मूठ काय धरते आहे हे जाणत नव्हती. एगेरियाला त्यात काही खटकले नाही.

देवळात नेता येत नसेल तर घरीच काय करावे, हा प्रश्न 2020 च्या 12 एप्रिलला जगभरच्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे, वसई, मुंबई आणि गोव्यातीलही, एकदमच उभा राहिला, कारण कोविड साथीच्या टाळेबंदीमुळे देवळे बंद होती आणि ईस्टर घराच्या चार भिंतींत आला. एरवी ज्याला दुय्यम समजले जाते ते घरचे आचरण त्या वर्षी एकमेव आचरण होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये कुटुंबाला ‘घरगुती ख्रिस्तसभा’ म्हटले होते, आणि चौथ्या शतकात धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टोमने घर हीच ख्रिस्तसभा करा असे सांगितले होते. त्या वर्षी हे शब्द प्रवचनातून उतरून स्वयंपाकघरात आले.

घरच्या या आचरणात लहान मुलाला खरोखर गवसण्यासारखे जे आहे ते इंद्रियांचे आहे, आणि परंपरेकडे त्याचा साठा विपुल आहे. खोलीतले दिवे मालवून एक मेणबत्ती लावली की दोन वर्षांचे मूल गप्प होते आणि मग बोट दाखवते. रोमन उपासनापद्धतीत राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, पास्काच्या रात्रीपर्यंत ‘आलेलुया’, म्हणजे ‘परमेश्वराची स्तुती करा’ हा उद्गार, म्हटला जात नाही. तो त्या रात्री पुन्हा उमटतो. सहा-साडेसहा आठवड्यांचे हे मौन मुलाला उणीव म्हणून जाणवणे कठीण आहे, कारण आठवडे मोजण्याची जाण त्याला अजून आलेली नसते. परंतु ल-कारांनी भरलेला तो शब्द म्हणायला त्याला आवडतो, आणि घरातली सगळी मोठी माणसे आज तो मोठ्याने म्हणत आहेत हे त्याला कळते. हरिपाठाला टाळ्या वाजवणाऱ्या दोन वर्षांच्या नातवाला आजोबा अर्थ विचारत नाहीत, तसेच हे आहे. टॉमस स्टीफन्सने 1616 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त पुनरुत्थानाची कथा ओवीबद्ध मराठीत सांगितली, त्यामागेही अर्थाआधी कानाला वळण लागते ही जाण असली पाहिजे.

अंड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्ताच्या काळात, मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती, आणि कोंबड्यांना मात्र या नियमाशी कर्तव्य नव्हते. त्यामुळे सण उजाडेपर्यंत घरोघर अंडी साठत, ती उकडून रंगवली जात आणि वाटली जात. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या 1290 च्या हिशेबात साडेचारशे अंडी रंगवून वाटल्याची नोंद आहे. ग्रीक घरांत अंडी लाल रंगवतात, एकमेकांच्या अंड्यावर आपटून फोडतात, आणि एकाने ‘ख्रिस्त उठला’ म्हटले की दुसरा ‘खरोखर उठला’ असे उत्तर देतो. कवच फुटणे आणि थडगे उघडणे यांतील साम्य नंतर सुचलेले असो वा आधी, मुलाच्या हाताला ते स्पष्टीकरणावाचून लागते. मुंबई आणि गोव्याच्या बेकऱ्यांतून मिळणारी मार्झिपानची, म्हणजे सुकामेव्याची पूड आणि साखर यांची, शोभिवंत अंडी चवीला सरस असतात यात वाद नाही, पण ती फुटत नाहीत. या एका बाबतीत साधे उकडलेले अंडे अधिक बोलके आहे.

खरी कसोटी ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारची आहे. वधस्तंभावरील मृत्यू वगळून मुलाला नुसता रविवारचा आनंद दिला, तर ईस्टर हा वसंत ऋतूचा मेळा उरतो, आणि वसईत किंवा पुण्यात, जेथे एप्रिलमध्ये पालवीपेक्षा उकाडाच अधिक जाणवतो, तेवढाही उरत नाही. उलट खिळे, काटे आणि रक्त यांचे वर्णन तीन वर्षांच्या मुलापुढे करणे क्रूर आहे आणि निरर्थकही आहे, कारण भीतीने मूल त्या कथेत शिरत नाही, तिच्यापासून पळते. सोफिया कावालेत्ती या बायबलच्या अभ्यासिकेने जान्ना गोब्बी या माँटेसरी शिक्षिकेबरोबर 1954 मध्ये रोममध्ये जी बालधर्मशिक्षणाची पद्धत सुरू केली, तिच्यात यावर एक समंजस तोड आहे: तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुढे येशूचा मृत्यू आणि त्याचे पुनरुत्थान ही कधीही एकमेकांपासून तोडून मांडायची नाहीत, आणि मांडायची तीही उजेड, मेंढपाळ, थडग्याची छोटी प्रतिकृती अशा हाताळता येणाऱ्या वस्तूंमधून. एका वाक्यात मेला आणि उठला ही दोन्ही क्रियापदे यावीत, आणि पहिल्यावर वाक्य थांबू नये. या पद्धतीच्या सगळ्याच दाव्यांशी सहमत होण्याची गरज नाही. लहान मुलात ईश्वराशी गूढ नाते जन्मतःच असते हे कावालेत्तीचे गृहीत सिद्ध करता येण्याजोगे नाही. पण ही एक गोष्ट तिने अचूक हेरली.

त्याहून नाजूक प्रसंग घरात अलीकडे कोणी वारले असेल तर येतो. येशू थडग्यातून उठला हे ऐकून मूल स्वाभाविकपणे आजोबा कधी उठणार असे विचारते, आणि तेथे प्रौढांच्या स्वतःच्या धर्मशास्त्रीय समजुतीचा कस लागतो. अनेकांच्या मनात पुनरुत्थान म्हणजे मृत माणूस पूर्वीच्याच आयुष्यात परतणे असते, पण असे परतणे आणि पुनरुत्थान यांतला भेद येशूचे चरित्र सांगणारी शुभवर्तमाने काटेकोरपणे पाळतात: योहानाच्या कथेत येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर प्रेतवस्त्रांनी हातपाय बांधलेलाच बाहेर येतो, त्याला इतरांना मोकळे करावे लागते आणि तो पुन्हा कधीतरी मरणार असतो, येशूच्या थडग्यात मात्र तागाची वस्त्रे मागे पडलेली आढळतात, आणि उठलेल्या येशूला मरीया मग्दालीया प्रथम ओळखतही नाही. पहिले पुनरुज्जीवन, दुसरे पुनरुत्थान. मुलाला हा भेद शब्दांत सांगता येणार नाही, पण तो सांगणाऱ्याला ठाऊक असला तर आजोबा लवकरच येतील असे खोटे उत्तर तो देणार नाही. आजोबा आता इथे येणार नाहीत, ते देवाजवळ आहेत आणि आपण सगळे पुढे एकत्र असू अशी आपली आशा आहे, एवढे उत्तर श्रद्धेशीही प्रामाणिक आहे आणि वस्तुस्थितीशीही. मृत्यूला झोप म्हणण्याची चाल पौलाच्या पत्रांइतकी जुनी असली, तरी या वयात ती टाळलेली बरी, कारण जे मूल झोपेची तुलना अक्षरशः घेते त्याला रात्री अंथरुणात भय वाटू शकते.

सत्याचा हाच प्रश्न सशाच्या निमित्ताने वेगळ्या रूपात येतो. ईस्टरची अंडी आणून लपवणाऱ्या सशाचा उल्लेख गेऑर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ या जर्मन वैद्याने 1682 मध्ये केला आहे; जर्मन स्थलांतरितांनी ही कल्पना अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात नेली, आणि चॉकलेटच्या धंद्याने ती भारतातील शहरी दुकानांपर्यंत पोचवली. हा ससा म्हणजे खोटे बोलणे आहे काय? ऑगस्टीनने सर्व असत्य निषिद्ध मानले, पण थट्टेला त्याने त्यातून वगळले, कारण बोलणाऱ्याच्या सुरावरूनच ती थट्टा आहे हे कळते. मुलासमोर अंडी लपवली, त्याने ती शोधली आणि सगळे हसले, तर तो खेळ आहे आणि त्यात कोणाची फसवणूक नाही. पण सशाची कहाणी आणि येशूची कहाणी एकाच सकाळी, एकाच गंभीर सुरात, आईच्या एकाच तोंडून सांगितली गेली, तर पाच-सहा वर्षांनी पहिली कोसळताना दुसरीलाही धक्का लागणे अपरिहार्य आहे. सशाला घरातून हाकलण्याची आवश्यकता नाही. त्याच्याविषयी बोलताना डोळ्यांत मिश्कीलपणा असला आणि थडग्याविषयी बोलताना नसला, म्हणजे पुरे. शब्दांबरोबर सूरही दोन वर्षांच्या मुलापर्यंत पोचतो.

अर्थ न कळता सहभागी होणाऱ्याला परंपरेने कमी लेखले नाही, याचा आणखी एक पुरावा प्राचीन ख्रिस्तसभेच्या एका प्रथेत आहे. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढांना दूध आणि मध दिला जाई, हे प्राचीन ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने नोंदवले आहे. पुढे चौथ्या-पाचव्या शतकांत हे नवदीक्षित आठवडाभर पांढऱ्या वस्त्रांत वावरत, आणि वय काहीही असले तरी त्यांना बालकेच म्हटले जाई. अनेक विधींचा सविस्तर अर्थही त्यांना आधी सांगितला जात नसे. मिलानचा बिशप अॅम्ब्रोझ तो बाप्तिस्म्यानंतरच्या आठवड्यात सांगत असे, आणि आधी अनुभव व मग विवरण या क्रमाचे त्याने समर्थनही केले. शिवाय ज्याला पूर्ण आकलन म्हणता येईल असे काही प्रौढांकडेही नसते. चारही शुभवर्तमानांपैकी एकही पुनरुत्थानाच्या क्षणाचे वर्णन करीत नाही, आणि मार्काच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत कथा स्त्रिया भयाने पळून गेल्या आणि त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, येथेच थांबते.

तरीही रूसोचा आक्षेप पूर्णपणे निकालात निघत नाही, आणि तो निघू नये. मुलाने हे काहीच निवडलेले नसते. 1989 च्या बालहक्क करारानेही मुलाचे विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य करताना पालकांचे मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या क्षमतांना अनुसरून असावे अशी अट घातली आहे. भाषा, अन्न आणि नातीही मूल निवडत नाही, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण भाषा कोणाकडून कबुली मागत नाही आणि धर्म मागतो. म्हणून मर्यादा तेथे आखावी लागते: मेणबत्ती धरायची नसेल तर धरायला लावू नये, क्रूसाचे चुंबन घेण्याच्या वेळी तोंड फिरवणाऱ्या मुलाचे डोके दाबू नये, आणि ‘येशूवर तुझे प्रेम आहे ना’ असा ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे तो प्रश्न पाहुण्यांसमोर विचारू नये. ख्रिस्तसभेचा विधीच येथे घरापेक्षा संयमी आहे. तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्यात सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली याविषयीचे प्रश्न आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता यांना विचारले जातात. दरवर्षी ईस्टरला हेच प्रश्न साऱ्या मंडळीला पुन्हा विचारले जातात आणि प्रत्येक प्रौढ आपापले उत्तर देतो. कडेवरच्या मुलाकडे त्या वेळी कोणी वळून पाहत नाही, आणि त्याच्या वतीने पुन्हा कोणी बोलतही नाही.